चार चिंचोके, शंभर वेळा

खुलताबादहून घाट उतरून दौलताबादकडं आलं, की फेब्रुवारीत रस्त्याच्या दोन्ही कडांना चिंचांचे ढीग दिसायला लागतात. झाडावर कुणीतरी लांब बांबूनं फांद्या झोडपत असतं, खाली जुनी लुगडी अंथरलेली असतात आणि त्यांवर चिंचा टपटपत असतात. परवा एसटीच्या खिडकीतून तो आंबटगोड वास आत आला. शेजारच्या बाईंनी आवंढा गिळला. पुढच्या सीटवर दोन पोरं गाइड उघडून एकमेकांना प्रश्न विचारत होती. हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. आमच्याकडं चिंच आणि बारावी एकाच वेळी पिकते. मला मात्र त्या वासानं एक वर्ग आठवला. चोवीस मुलं एकदम ओरडत असलेला, बाकं वाकडीतिकडी झालेला, माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात गोंगाटाचा वर्ग. खिडकीशी मी एकटीच हसत बसले. शेजारच्या बाईंनी जरा सरकून घेतलं.

मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. गणिताच्या बाईला हंगाम नसतो असं लोकांना वाटतं. असतो. जून महिना कोऱ्या वह्यांचा, दिवाळीच्या आधीचा महिना इंटिग्रेशनचा, जानेवारी शेवटच्या धड्याचा. तो शेवटचा धडा म्हणजे बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन, पुस्तकी मराठीत द्विपद वितरण. बहुतेक ठिकाणी तो घाईत उरकतात. सूत्र लिहा, दोन गणितं सोडवा, संपलं. मीही कित्येक वर्षं तेच केलं आहे; खोटं कशाला सांगू?

ती बॅच वेगळी होती. त्या मुलांची नववी-दहावी मोबाइलवर झाली होती. बारावीत ती वर्गात यायची, पण आल्यासारखी वाटायची नाहीत. मी प्रश्न विचारला की स्क्रीनकडं बघावं तशी माझ्याकडं बघायची. डोळे माझ्यावर, पण मलाही ती दिसतात, याचा जणू त्यांना पत्ताच नाही. एका बाकावर बसणाऱ्या दोघींना मी एकदा एकमेकींची नावं विचारली, तर दोघी ओशाळल्या. सहा महिने शेजारी बसून एकीला दुसरीचं नाव माहीत नव्हतं. आधीच्या वर्षांत तासाला दहा वेळा 'गप्प बसा' म्हणायचं हे माझं कामच होतं. त्या वर्षी मला ते एकदाही म्हणावं लागलं नाही, आणि घसा दुखत नाही म्हणून वाईट वाटण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

पहिल्या बाकावर अयान शेख बसायचा. सकाळी खासगी क्लास करून यायचा, त्यामुळं सगळी सूत्रं त्याला माझ्याआधी माहीत असायची. बोलायला लागला तर मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा, आमच्या शहराच्या रीतीनं. आणि शेवटच्या बाकावर, खिडकीकडं, प्रतीक्षा साळवे. दौलताबादहून एसटीनं यायची. तिच्या घरच्यांची किल्ल्याच्या पायथ्याला फळांची गाडी होती. हंगामाप्रमाणं कधी सीताफळ, कधी पेरू, कधी बोरं-चिंचा. डिसेंबरपर्यंत ती माझ्याशी दोन वाक्यंही बोलली नव्हती. तिची ओळख मला फक्त उत्तरपत्रिकांतून होती. चाचणीत नापास, सहामाहीत नापास, जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत नापास.

पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले त्या दिवशी तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, मी बोर्डाला गणिताच्या पेपरला येणार नाय."

"का गं?"

"तीनदा नापास झाले. चौथ्यांदा काय येगळं व्हणार हाय?"

एसटी किती वाजता सुटते ते सांगावं, इतक्या शांतपणे तिनं हे सांगितलं. एका पेपरला गैरहजर राहिलं म्हणजे अख्खी बारावी गेली, हे तिला माहीत होतं. सगळ्या शिक्षकांनी द्यावा तोच सल्ला मी दिला. अजून महिना आहे, रोज दोन तास बस, घाबरायचं नाही. ती म्हणाली, "हो मॅडम." त्या 'हो मॅडम'ला मी चांगली ओळखते. आता पुढं बोलू नका, असा त्याचा अर्थ असतो.

त्याच आठवड्यात शेवटचा धडा सुरू केला. फळ्यावर लिहिलं: एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा. दर वेळी निकाल दोनच, हो किंवा नाही. 'हो' येण्याची शक्यता दर वेळी तेवढीच. तिला पी म्हणायचं. आणि एका वेळच्या निकालाचा दुसऱ्या वेळेवर परिणाम नाही. मग वळून विचारलं, "चार नाणी एकदम उडवली, असं शंभर वेळा केलं, तर किती छापे सगळ्यात जास्त वेळा पडतील?"

अयाननं सूत्र म्हणून दाखवलं, न चुकता, एका श्वासात.

"सूत्र नको रे. अंदाज सांग."

"अंदाज?" तो खराखुरा गोंधळला. "मॅडम, अंदाज सिलॅबस में नहीं है ना."

"मग उडवूनच बघू. काढा नाणी."

कुणाकडंच नाणं नव्हतं. चोवीस मुलांत एकही. सगळे चहा-समोशाला फोन पुढं करणारे. माझ्या पर्समध्ये एक नाणं निघालं, ते मी टेबलावर दोनदा उडवलं, दोन्ही वेळा काटा पडला. बेल झाली.

घरी आले तर माय गॅलरीत बसून चिंचा फोडत होती. माझी माय आमच्याकडंच असते, सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर. मामा दरवर्षी खुलताबादहून चिंचेचं एक पोतं पाठवतो आणि माय ते एकटी संपवते. तरुणपणी हंगामात ती दुसऱ्यांच्या चिंचा फोडायला जायची. तिच्या बोटांना अजून ते वळण आहे. टरफल एका बाजूला, शिरा दुसऱ्या, गर तिसऱ्या आणि चिंचोके मांडीशी. मी चहा घेऊन तिच्याजवळ फतकल मारली आणि दिवसभराचं रडगाणं गायले. पोरं बोलत नाहीत. अंदाजसुद्धा करत नाहीत. नाणंसुद्धा नाही कुणाकडं.

"नाणं कशाला पायजे?" माय म्हणाली. "आम्ही काय नाण्यानं खेळत होतो व्हय?"

तिनं अडकित्त्यानं दोन चिंचोके मधोमध फोडले. चार फाका झाल्या, एका अंगानं काळपट तपकिरी, दुसऱ्या अंगानं पांढऱ्या. लहानपणी आम्ही याच फाका टाकून चंगअष्टा खेळायचो. पांढऱ्या जितक्या वर पडतील तितकी घरं सोंगटी पुढं. मायनं फाका ओंजळीत खुळखुळवल्या.

"सांग, किती पांढरे पडतील?"

"तूच सांग."

"लई येळा दोन. कवा तीन, कवा एक. चारी पांढरे पडाया नशीब लागतं, म्हणून चंगाला पुन्हा खेळाया मिळतं. अन् चारी काळे तर त्याहून कमी. म्हणून त्याला आठ घरं."

मी चहाचा कप तसाच धरून बसले. माय शाळेत गेलेली नाही. सही शिकली ती माझ्या दहावीनंतर. आणि जे मी तासभर फळ्यावर चढवू पाहत होते ते तिनं चार वाक्यांत सांगून टाकलं होतं, तेही चिंचेचा हात पदराला लागू न देता.

"माय, असे अजून पाहिजेत. सहा गट करीन म्हणते."

"मंग उठ, दुसरा अडकित्ता आन."

अंधार पडायच्या आत आमचं काम झालं. शेवटी शेवटी चिंचोके वेडेवाकडे फुटायला लागले, तेव्हा मायनं काही अख्खेच घेतले आणि गॅलरीच्या खरखरीत फरशीवर एका बाजूनं घासून पांढरे केले. चालतंय की, म्हणाली. मीही म्हटलं, चालतंय.

दुसऱ्या दिवशी वर्गात पिशवी उपडी केली तेव्हा पहिल्यांदा कुजबुज झाली. बाकं फिरवून समोरासमोर लावली. चौघांचा एक गट. एकानं टाकायचं, एकानं पांढरे मोजून ओरडायचं, एकानं लिहायचं, एकानं किती वेळा झालं ते सांभाळायचं. पंचवीस वेळा झालं की कामं बदलायची. गट मी मुद्दाम ओळखीपाळखी मोडून केले. अयान आणि प्रतीक्षा एकाच गटात आले, हेही मुद्दामच.

पहिली पाच मिनिटं नुसता चिंचोक्यांचा आवाज. मग कुठूनतरी एक मुलगी ओरडली, "चार! चारी पांढरे!" आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून तिनं तोंडावर हात ठेवला. तिचा गट हसला. मग दुसरा गट म्हणाला, आमचे दोनदा पडले. तिसरा म्हणाला, खोटं. एक चिंचोका बाकाखाली गेला, त्याच्यामागं दोन मुलं गेली, आणि खालूनच ओरडली, "पांढरा हाय, पांढरा धरा!" ते धरायचं की नाही यावर भांडण लागलं. माझ्याकडं तक्रार आली. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी ठरवलं: बाकाबाहेर पडलेला डाव बाद. मी खिडकीत टेकून उभी होते. एकमेकांना नावानं हाका मारत होते ते. "ए वैभव, लिही ना!" "रुबिना, किती झाले?"

अर्ध्या तासानं प्रत्येक गटानं आपले आकडे फळ्यावर लिहिले. एकही पांढरा नाही, एक, दोन, तीन, चार. कितीदा काय पडलं. पहिल्या गटाचं आलं सहा, सव्वीस, सदतीस, पंचवीस, सहा. मधे उंच, दोन्हीकडं उतरतं. दुसऱ्याचं जवळजवळ तसंच. आदल्या दिवशीच्या सूत्रात पी म्हणजे निम्मी शक्यता धरली की जे आकडे येतात, ते मी शेजारी लिहिले, आणि वर्गातून एक 'अरे!' असा आवाज आला. पाच गटांचं जमलं. सहाव्याचं जमेना. तीन, दहा, पस्तीस, चौतीस, अठरा. चारी पांढरे तब्बल अठरा वेळा.

"मॅडम, इनका डेटा गडबड है," मागून कुणीतरी म्हणालं.

"आपलाच गट आहे," अयान वैतागला. त्याचे कान लाल झाले होते. प्रतीक्षाकडं वळून तो म्हणाला, "तूने बराबर नहीं गिने. लिहायला तूच होतीस शेवटी."

मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी उठून जाईल. तिनं मान खाली घातली. मग बाकावरचा एक चिंचोका उचलला आणि बोटांत धरून फिरवला. हा फोडलेला नव्हता. मायनं घासलेल्यांतला होता.

"आमचं चुकलं नाय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका जाड आणि स्पष्ट असेल हे मला माहीत नव्हतं. "चिंचोका म्हंजे नाणं थोडंच हाय? हा बघा. ह्याचं पोट मोठं हाय. जड बाजू खाली बसती, पांढरं वर येतं. तुमचे फोडलेले हायत, पातळ. आमचा पी निम्मा नाय, मॅडम. आमचा पी येगळा हाय."

बाकीच्या गटांनी आपापले चिंचोके उचलून फिरवून पाहिले.

"मग किती आहे?" मी विचारलं.

"मोजावं लागंल. शंभर डाव म्हंजे चारशे चिंचोके. त्यात पांढरे किती ते बघायचं."

ती फळ्याशी आली. दहा वेळा एकेक म्हणजे दहा. पस्तीस वेळा दोन म्हणजे सत्तर. चौतीस वेळा तीन, एकशे दोन. अठरा वेळा चार, बहात्तर. बेरीज दोनशे चौपन्न. चारशेत दोनशे चौपन्न, म्हणजे शंभरात साडेत्रेसष्ट.

याच क्षणी दारात कुलकर्णी सर उभे राहिले. सर आमचे उपप्राचार्य, विषय त्यांचाही गणित. वर्षभराच्या अभ्यासक्रमाची आखीव वही ते छातीशी धरून फिरायचे आणि ती वही सोडून इकडंतिकडं झालेलं त्यांना खपायचं नाही. "काय चाललंय हे? खालच्या मजल्यावर आवाज येतोय. परीक्षा महिन्यावर आली आहे, आणि तुम्ही…" त्यांनी जमिनीवर पडलेले चिंचोके पाहिले.

मी उत्तर देणार तोच अयान उभा राहिला. "सर, हमारा पी साडेत्रेसष्ट टक्के आहे."

सर थांबले. फळ्याकडं पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "कशावरून?"

"मोजलं, सर."

"त्याच आकड्यांवरून पी काढलात आणि त्याच आकड्यांना तो लावणार? मग जमणारच. त्यात काय सिद्ध झालं?" सर आत आले. "आधी सांगा पुढच्या शंभरात काय पडेल. लिहून ठेवा. मग टाका. माझ्यासमोर."

अयाननं वही ओढली. त्याला सूत्र पाठ होतं, प्रतीक्षाला आकडा ठाऊक होता. ती सांगत होती, तो करत होता. मधेच तो सूत्रातल्या गुणकांपाशी अडला, "ये चार का और सहा का कहाँ से आया, पाठ तो है लेकिन…", आणि तिनं फळ्याच्या कोपऱ्यात चार रिकाम्या जागा काढल्या. चारांतले दोनच पांढरे कुठं कुठं बसतील ते भरत गेली. पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, पहिला-चौथा, दुसरा-तिसरा, दुसरा-चौथा, तिसरा-चौथा. सहा. अयान बघत राहिला. "अच्छा," तो म्हणाला, अगदी हळू. दोन वर्षं तो सूत्र म्हणत होता. आज त्याला ते भेटलं.

फळ्यावर भाकीत लिहिलं गेलं: दोन, बारा, बत्तीस, सदतीस, सोळा. बेरजेत एक कमी पडत होता. तो पूर्णांक करताना गळला होता, हेही अयाननंच सांगितलं, सरांनी विचारायच्या आत.

बेल झाली. कुणी उठलं नाही. केमिस्ट्रीच्या मॅडम दाराशी आल्या, त्यांनी सरांना बाकावर बसलेलं पाहिलं आणि त्याही आत येऊन उभ्या राहिल्या. चोवीस मुलं एका बाकाभोवती. प्रतीक्षा टाकत होती, अयान मोजत होता, आणि फळ्यावर रेघा मारायला सरांनी स्वतः खडू घेतला होता. चाळीस डाव झाले तरी एकदाही चारी काळे पडले नव्हते. साठ. सत्तर. "पडणार नाही," कुणीतरी म्हणालं. "भाकितात दोन आहेत," दुसरं म्हणालं. ब्याऐंशीव्या वेळी चारी काळे पडले, आणि असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीला चिकटली. सरांनी त्या रिकाम्या रकान्यात एक रेघ मारली. ती मारताना ते हसत होते. मी शपथेवर सांगते.

शंभर झाले. एक, तेरा, तीस, चाळीस, सोळा.

सरांनी दोन्ही ओळी वाचल्या, भाकिताची आणि घडलेल्याची. खडू ठेवला. "हे पुसू नका," म्हणाले, आणि वही घेऊन निघाले. दारातून मागं वळून त्यांनी विचारलं, "ते चिंचोके उद्या माझ्या तुकडीसाठी मिळतील का?" मग वर्गानं टाळ्या वाजवल्या. कुणासाठी ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. केमिस्ट्रीच्या मॅडमही वाजवत होत्या.

त्या दुपारी मी जिना उतरत होते, तर प्रतीक्षा खालच्या पायरीवर थांबलेली. मला वाटलं, आभार मानेल. तिनं प्रश्न विचारला.

"मॅडम, तुम्ही म्हणाला, चिंचोक्याला मागचं काय आठवत नाय. आधी चारी काळे पडले तरी पुढच्या टायमाला पी तेवढाच."

"हो."

"पण मला तर आठवतं ना. तीनदा नापास झाले ते."

मी "उद्या बोलू" म्हटलं, आणि रात्रीची भाकरी करपेपर्यंत विचार करत बसले. काहीतरी धीराचं सांगणं सोपं होतं. पण ज्या मुलीनं सकाळी अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं की आमचा पी वेगळा आहे, तिला गोड बोलून फसवणं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. पुस्तक उघडून अटींवर बोट ठेवलं. "हे बघ. प्रयोग तोच पाहिजे आणि पी दर वेळी तेवढाच पाहिजे. तरच हे सूत्र लागतं. आता सांग, पहिल्या चाचणीला जी बसली होती आणि काल फळ्याशी जी उभी होती, ती एकच मुलगी आहे का?"

तिनं त्या अटींवरून एकेक करून बोट फिरवलं.

"नाय," ती म्हणाली.

"मग तुला हे सूत्र लागत नाही. तुला आठवतं, तू शिकतेस, म्हणून तुझा पी हलतो. मागच्या तीन वेळांवरून चौथी वेळ काढता येत नाही."

"म्हंजे मी पास होईन, असंबी सांगता येत नाय?"

"नाही सांगता येत."

ती हसली. पहिल्यांदाच दात दिसले तिचे. "बरं हाय मंग. नापास होईन असंबी नाय ना सांगता येत."

पुढचा महिना मला उन्हासकट आठवतो. आभाळ कोरं, व्हरांड्यात गरम वारा, आणि मधल्या सुट्टीत गणिताच्या वर्गात हटकून आठ-दहा मुलं. मी बोलावलेली नव्हती. अयान आणि प्रतीक्षाचा गट मोडलाच नाही. तो तिला सूत्रं द्यायचा, ती त्याला 'हे आलं कुठून' विचारून हैराण करायची. एकदा तो माझ्याकडं तक्रार घेऊन आला, "मॅडम, ये लडकी एक लाइन आगे नहीं जाने देती." पण तो रोज तिच्याच बाकावर जाऊन बसायचा. मला त्या दिवसांत पुन्हा 'गप्प बसा' म्हणावं लागलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी लगेच दुसऱ्यांदा म्हटलं.

सगळं गोड झालं असं नाही. त्या चोवीसांतले तिघं गणितात राहिलेच. एक मुलगा माझ्याशी बोलायचा तो शेवटपर्यंत स्क्रीनशी बोलल्यासारखाच. प्रतीक्षाला गणितात शंभरापैकी एकसष्ट पडले. निकाल आत्ताच सांगून टाकते, कारण मला संपवायचंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या एका दुपारवर.

गणिताच्या पेपरच्या दिवशी गणिताच्या शिक्षकाला परीक्षेचं काम नसतं. मी घरी बसायला हवं होतं. पण पेपर सुटायच्या वेळी मी रिक्षा करून त्यांच्या केंद्रावर गेले आणि समोरच्या रसवंतीच्या सावलीत उभी राहिले. ती आली असेल का, इतकंच मला बघायचं होतं. दुपारचे दोन. गेट उघडलं. मुलं लोंढ्यानं बाहेर पडली. कुणी उत्तरं पडताळत, कुणी डोळे पुसत, कुणी थेट रसाच्या गाडीकडं. अयान दिसला, त्यानं लांबूनच अंगठा वर केला. ती दिसेना. गर्दी विरळ झाली.

मग ती आली. सगळ्यात शेवटी, शाईनं बोटं बरबटलेली, ओढणी एका खांद्यावरून लोंबत. मला पाहून पळतच रस्ता ओलांडला तिनं.

"मॅडम, त्या शेवटच्या प्रश्नाचं सूत्रच इसरले मी! साफ इसरले!"

"अगं, मग?"

"मंग काय. जागा मांडल्या, अन् कुठं कुठं काय बसतंय ते एकेक मोजलं. लई येळ लागला. म्हणून तर उशीर झाला. पुरवणी घ्यावी लागली."

"उत्तर आलं?"

"आलं असंल," ती धापा टाकत म्हणाली. "नाय आलं तरी असू द्या, मॅडम. ते मी काढलंय."

मी तिच्यासाठी रस सांगत होते, तेवढ्यात तिच्या केंद्रावरच्या दोन अनोळखी मुली जवळ आल्या. त्यातली एक रडवेली होती. "तो शेवटचा कसा केलास गं?" तिनं प्रतीक्षाला विचारलं. प्रतीक्षा तिथंच, रसवंतीच्या पुढ्यात धुळीत उकिडवी बसली आणि बोटानं चौकोन काढायला लागली. दोघी तिच्या दोन बाजूंना बसल्या. मग तिसरी आली. रसाचा ग्लास माझ्या हातात तसाच राहिला.

माझा रिक्षावाला अजून थांबला होता. त्यानं हॉर्न दिला. "मॅडम, चलना है क्या?"

"थोडा रुको, भाईजान," मी म्हटलं. "क्लास चालू है."